मंगसुळीकरकाकांची जुळवाजुळव

मंगसुळीकरकाकांनी उभ्या जन्मात कोणाला सुंदर म्हटलं नाही. एखादी मुलगी नऊवारी नेसून, नथ घालून समोर आली की आपण म्हणतो, "किती गोड दिसतेस गं!" काका चष्मा कपाळावर चढवायचे, तिच्याकडे क्षणभर निरखून बघायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "इम्यून सिस्टिम फर्स्ट क्लास दिसतेय." अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या आमच्या मराठी मंडळात हे सगळ्यांना पाठ होतं. नवीन आलेल्यांना मात्र आधीच सांगून ठेवावं लागे, नाहीतर पोरीची आई पुढच्या गणपतीपर्यंत काकांशी बोलत नसे.

आता असं कोणी म्हणत नाही. काका भाचीच्या मुलीच्या लग्नाला मिरजेला गेले आणि तिथेच झोपेत त्यांचं हृदय थांबलं. त्यालाही वर्ष उलटून गेलं. परवा गणपतीत एका पोरीला मीच म्हणून बसले, "इम्यून सिस्टिम छान दिसतेय हं." ती म्हणाली, "एक्स्क्यूज मी?" मग म्हटलं, आता हे लिहूनच काढावं.

काका एका हॉस्पिटलच्या टिश्यू टायपिंगच्या लॅबमध्ये होते. म्हणजे एकाची किडनी किंवा बोन मॅरो दुसऱ्याच्या शरीराला चालेल का, हे दोघांच्या रक्तावरून जुळवून बघायचं. 'मंगसुळीकर' हे नाव लॅबमधल्या एकाही गोऱ्या माणसाच्या तोंडात मावलं नाही, म्हणून ते तिथे 'डॉक्टर मँगो' होते. काकांना त्याचं काही वाटत नसे. "हापूस म्हणत असतील तर माझी काय हरकत आहे?" असं म्हणायचे.

मी त्यांची शेजारीण. नोकरी आयटीमधली, विज्ञान दहावीबरोबरच सुटलेलं. पण काकांच्या शेजारी राहून एचएलए नावाची जनुकं मला नणंदांच्या नावांइतकी तोंडपाठ झाली. एकदा त्यांनी माझ्या ओट्यावरचा किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि म्हणाले, "हे बघ वीणा. असा एक जुडगा तुला आईने दिला आणि एक वडिलांनी. शरीर या किल्ल्या लावून आलेला जंतू ओळखतं. दोन्ही जुडग्यांत वेगवेगळ्या किल्ल्या असल्या तर जास्त रोग ओळखता येतात. माणूस निरोगी राहतो, तुकतुकीत दिसतो. त्यालाच तुम्ही लोक सुंदर म्हणता."

"आणि त्याच त्याच किल्ल्या असल्या तर?"

"म्हणून तर निसर्गाने नाकात सोय करून ठेवलीय. ज्याचा जुडगा आपल्याहून वेगळा, त्याच्या अंगाचा वास आपल्याला आवडतो. जोडीदार डोळ्यांनी नाही, नाकाने निवडायचा असतो."

"हे सिद्ध झालंय का काका?"

"काही प्रयोगांत दिसलंय," काका मोठ्याने म्हणाले. मग किल्ल्या खाली ठेवता ठेवता पुटपुटले, "काहींत नाही."

एवढ्या भांडवलावर त्यांनी मंडळात लग्नं जुळवायचा उद्योग आरंभला होता. मुलगा नागपूरचा असेल तर मुलगी कोकणातली शोधा, देशावरची असेल तर मुलगा पंजाबी चालेल, चिनी तर फारच उत्तम. आपापल्या पोटजातीत स्थळ शोधणाऱ्या आईबापांना ते भर हळदीकुंकवात सुनवायचे, "जुळवाजुळव आमच्या लॅबमध्ये करतात. लग्नात न जुळणारं शोधा."

त्यांच्या प्रत्येक भाषणाला पद्माकाकू मागच्या रांगेत बसलेल्या असत. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, हातात कायम क्रोशाचं काहीतरी. नवरा निसर्गाबद्दल काय बोलतोय यापेक्षा टाका सुटत नाही ना, इकडे त्यांचं लक्ष जास्त. काका स्टेजवरून उतरले की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "शर्ट बदला आधी. घामाचा वास येतोय." हे चारचौघांत. आणि जगाला नाकाचं महत्त्व पटवून आलेले काका एकदम गप्प होऊन बाथरूमकडे जायचे. मला वाटायचं, बायकोला घाबरतात. घाबरत होतेच, पण कशाला, ते मला फार उशिरा कळलं.

दोघं दिसायला इतकी सारखी, की नवीन माणूस हमखास थबके. तेच टोकदार नाक, त्याच मोठ्या कानाच्या पाळ्या, हसताना तसाच डावा डोळा बारीक होणार. मंडळातल्या बायका म्हणायच्या, "बघा, संसार केला की नवरा-बायको एकमेकांसारखी दिसायला लागतात." माझं लग्न होऊनही बरीच वर्षं झालीत. मी तेव्हाच आरशात बघून खात्री केली होती की असं काही होत नाही. पण पुढचा विचार काही सुचला नाही.

त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारत नसे आणि ती दोघंही बोलत नसत. माझ्या मुली मात्र शाळेतून थेट त्यांच्याच घरी जायच्या.

एकदा लेलेआजी म्हणून कोणाच्या तरी सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. काकांचं किल्ल्यांचं भाषण त्यांनी पहिल्या रांगेत बसून ऐकलं आणि शेवटी हात वर केला. "म्हणजे एकनाडी नको, हेच ना? आमचे गुरुजी पत्रिका बघून हे केव्हापासून सांगतायत. त्यासाठी अमेरिकेत यायला नको होतं."

सभा खो-खो हसली. पत्रिकेचं नाव काढलं की काकांचं टाळकंच फिरायचं. ते इतके लाल झाले की पाण्याची बाटली पुढे करावी लागली. आजींनी तेवढ्यात पुढचा प्रश्न टाकला, "तुमची स्वतःची पत्रिका जुळली होती का?"

"आमची पत्रिका बघितलीच नव्हती!" काका ताडकन म्हणाले.

त्या काळात, मिरजेसारख्या गावात, पत्रिका न बघता लग्न! सभागृहात कौतुकाची लहर उठली. तेव्हापासून मंडळात पक्का समज झाला की मंगसुळीकरांचा प्रेमविवाह आहे. काकांनी तो समज कधी दुरुस्त केला नाही. काकू मागच्या रांगेत टाके मोजत होत्या.

टी-शर्टांचं प्रकरण त्यानंतरचं. वधूवर मेळाव्यात नाकाचा प्रयोग करायचाच, असा काकांनी हट्ट धरला. प्रत्येक मुलामुलीने एक पांढरा सुती टी-शर्ट सलग दोन रात्री घालून झोपायचं. सेंट नाही, कांदा-लसूण नाही. मग तो झिपलॉकच्या पिशवीत बंद करून आणायचा. पिशवीवर नाव नाही, नुसता आकडा. सगळ्यांनी पिशव्या हुंगायच्या आणि आवडलेला आकडा सांगायचा. पोरं इथलीच, त्यांना गंमत वाटली. "दिस इज सो वियर्ड, अंकल, आय लव्ह इट," म्हणाली आणि तयार झाली.

मेळाव्याच्या दिवशी टेबलावर पिशव्या मांडल्या. काकांनी पहिली उघडली, नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा पडला. दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळ्या शर्टांना एकच वास. कपडे धुवायच्या पावडरीचा.

झालं होतं असं, की पोरांनी शर्ट इमानाने घातले होते. पण ते पिशवीत भरायच्या आधी आयांच्या हाती लागले. चार लोकांत मुलाचा मळका शर्ट पाठवायचा? तेही स्थळं बघायला येणार असताना? एकजात सगळ्या आयांनी ते धुतले, वाळवले आणि वर इस्त्री करून, घडी घालून पाठवले. एका पिशवीत तर कापराची वडीही निघाली.

"अहो, पण तुम्हाला सांगितलं होतं ना!" काका कळवळून म्हणाले.

"सांगितलं होतं हो," एक आई म्हणाली, "पण लोक काय म्हणतील?"

त्या सगळ्यांत फक्त एक शर्ट वेगळा निघाला. त्याला हिंगाच्या फोडणीचा वास होता, कारण इस्त्री झाल्यावर तो स्वयंपाकघरात राहिला होता. झाडून सगळ्या मुलींनी तोच पसंत केला. काका डोक्याला हात लावून बसले. काकूंनी मात्र आयुष्यात पहिल्यांदाच क्रोशा खाली ठेवला आणि त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. काकांनी त्यांच्याकडे जे बघितलं, ते मला अजून आठवतं. रागावून नव्हे. शाळेतला मुलगा पेपर तपासणाऱ्या बाईंकडे बघतो, तसं.

पुढे काकांच्या किडन्या गेल्या. ब्लडप्रेशर वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. मी वर्क फ्रॉम होमच्या दिवशी त्यांना सोडायला जायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या किडन्या जुळवलेला माणूस स्वतः वेटिंग लिस्टवर लागला. भाऊ नव्हता, बहिणीला मधुमेह. डॉक्टर म्हणाले, "बायकोची बघू. हल्ली नवरा-बायकोचं फारसं जुळलं नाही तरी औषधांवर भागतं."

"नाही," काका म्हणाले. "पद्माची घ्यायची नाही. तिचं टायपिंगसुद्धा करायचं नाही."

मंडळात सगळ्यांचे डोळे पाणावले. बायकोला सुईसुद्धा टोचू द्यायची नाही, याला म्हणतात प्रेम! प्रेमविवाहच तो! मीही घरी येऊन नवऱ्याला दोन शब्द सुनावले. काका दिवसेंदिवस सुकत चालले होते. पाय सुजायचे, जेवण जात नव्हतं, तुकतुकीत कांती बघणारा माणूस स्वतः राखेच्या रंगाचा झाला होता. लिस्टवर नंबर कधी लागणार याचा नेम नव्हता आणि तोवर ते राहतील का, असं आम्हीही हळू आवाजात बोलायला लागलो होतो.

एक दिवस काकूंचा फोन आला. "वीणा, उद्या मला हॉस्पिटलला सोड. काकांना काही बोलू नकोस."

इथे किडनी देणाऱ्याची चौकशी वेगळी होते, घेणाऱ्याच्या मागे. शॅरन नावाची एक हसरी बाई समोर बसली होती. तिने काकूंना विचारलं, "हाऊ आर यू रिलेटेड टू द पेशंट?"

"वाइफ," काकू म्हणाल्या.

"लव्हली. सो, नॉट बाय ब्लड."

"बाय ब्लड ऑल्सो."

शॅरनचं हसू जागच्या जागी राहिलं. काकूंनी पर्स मांडीवर नीट ठेवली आणि शाळेत शिकवावं तशा सावकाश म्हणाल्या, "माय फादर इज हिज मदर्स ब्रदर."

शॅरन बोटांवर हिशेब करायला लागली. मला हिशेब करायची गरज पडली नाही. ते नाक, त्या पाळ्या, तो डावा डोळा, न बघितलेली पत्रिका, सगळं एका झटक्यात जागेवर येऊन बसलं. घरातल्या घरात कोण कशाला पत्रिका बघतंय! आमचे काका, पंजाबी बघा, चिनी बघा म्हणून जगाला सांगत हिंडणारे, स्वतः मामाच्या मुलीचे नवरे होते.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "काकू, इतकी वर्षं लपवलंत?"

"मी कुठे लपवलं? मला कोणी विचारलंच नाही," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे मामाची मुलगी करायची रीतच होती. माझी आजीसुद्धा आजोबांच्या मामाचीच मुलगी. लपवलं ह्यांनी. टायपिंग झालं असतं तर ह्यांच्याच लॅबमधल्या पोरांना कळलं असतं ना, डॉक्टर मँगोंची बायको कोण ते. म्हणून तर माझी नको म्हणतायत."

मला मनापासून संताप आला. म्हणजे अब्रूसाठी माणूस मरायला निघाला होता, आणि आम्ही त्याला प्रेम समजून डोळे पुसत होतो.

रिपोर्ट आला. पिढ्यानपिढ्या घरातल्या घरात लग्नं झाल्यामुळे दोघांचं इतकं जुळलं, की सख्ख्या भावंडांचंही नेहमी तेवढं जुळत नाही. काकूंच्या परवानगीने डॉक्टरांनी काकांना सांगितलं, "एक्सलंट मॅच!" त्या दिवशी डायलिसिसहून त्यांना आणताना मी पुढे आणि ती दोघं मागच्या सीटवर. मला वाटलं, आता काका ओरडणार.

"लॅबमध्ये हसतील, म्हणून नव्हे गं पद्मा," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "हसू देत. पण तुला कोणी विचारलं होतं का तेव्हा? मामा म्हणाला, घरातच मुलगा आहे, आणि तू उभी राहिलीस. मी पुढे हे सगळं शिकलो. जे शिकलो त्यावरून तुला मी आवडणं शक्यच नव्हतं. माझा वास तुला नकोसाच होणार. तू म्हणतेसही, शर्ट बदला म्हणून. आणि आपलं मूल... दोनदा राहिलं नाही, तेही त्यामुळेच असेल. कागदावर हे सगळं बघायचं नव्हतं मला."

मी रस्त्यावरची नजर हलवली नाही. माझा त्या दिवशीचा संताप कुठे गेला कळलं नाही.

"मुलाचं असेल, नसेलही," काकू शांतपणे म्हणाल्या. "तेव्हा डॉक्टरांना सांगता आलं नाही आणि तुम्हालाही सांगता येणार नाही. तो दोष कोणाच्या नावावर मांडायचा नाही, हे मी केव्हाच ठरवलंय. राहता राहिला वास. शास्त्र तुमचं असेल, नाक माझं आहे. सगळ्या पार्सिपनीच्या नाकांना विचारत हिंडलात, माझ्या नाकाला कधी विचारलंत?"

"हिंमत झाली नाही."

"मग आता विचारा."

काकांनी घसा साफ केला. "काय म्हणतं?"

"आधी किडनी घ्या. मग सांगते," काकू म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "वीणा, हीटर जरा कमी कर गं."

मी आजही सांगते, काका त्या ऑपरेशनला जगण्यासाठी तयार झाले नाहीत. उत्तर ऐकायला मिळावं म्हणून तयार झाले.

ऑपरेशन नीट पार पडलं. काकूंची किडनी काकांच्या शरीराने माहेरचं माणूस आल्यासारखी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी नर्सने काकूंना चालायला उठवलं, तेव्हा सलाइनचा स्टँड ढकलत, मला धरून, त्या थेट काकांच्या खोलीत गेल्या. काकांच्या गालांवर रंग यायला लागला होता. आम्हाला बघून ना 'कशी आहेस', ना 'बस', पहिला प्रश्न हाच:

"हं, सांग."

काकूंना टाक्यांमुळे वाकता येत नव्हतं. त्या उभ्यानेच बोलल्या. "तुम्ही पहिल्यांदा अमेरिकेला गेलात आणि मला मिरजेला ठेवून गेलात, तेव्हा आदल्या दिवशी घातलेला करडा बुशकोट दारामागे टांगून गेला होतात. आठवतं? आत्या रोज म्हणायची, पद्मे, तो दे, धुऊन टाकते. मी दिला नाही. व्हिसा येईपर्यंत उशीखाली ठेवला होता. येताना धुवावा लागला, विमानात लोक काय म्हणतील म्हणून."

काका आढ्याकडे बघत पडून राहिले. कानशिलांवरून पाणी खाली उशीवर ओघळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मग त्या टोकदार नाकाने एकदा मोठा सुस्कारा टाकला आणि त्यांच्यातला डॉक्टर मँगो बोलला:

"सँपल साइज एक. त्यावरून काही सिद्ध होत नाही."

"नाही होत," काकू म्हणाल्या. "मग शर्ट का बदलायला लावते? म्हातारे झालात, घाम येतो, म्हणून. त्यात कसलं आलंय शास्त्र!"

पुढच्या वधूवर मेळाव्यात काकांनी तेच भाषण शब्द न बदलता ठोकलं. नाक, किल्ल्या, पंजाबी, चिनी, सगळं. फक्त शेवटी म्हणाले, "माझी बायको माझ्या मामाची मुलगी आहे. आत्ता सांगितलेल्या सगळ्याला हा एक अपवाद. मागच्या रांगेत बसलाय." सगळ्यांनी माना वळवल्या. काकू टाके मोजत होत्या, पण चुकल्या असाव्यात, कारण त्यांनी सगळी ओळ उसवली. लेलेआजी त्या दिवशी हव्या होत्या.

मिरजेच्या लग्नाला काका एकटेच निघाले. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं. नेवार्कच्या विमानतळावर सोडायला मी गेले. काकूंनी आदल्या दिवसापासून त्यांना बजावलं होतं की निळा शर्ट मळलाय, तो बॅगेत कोंबू नका, धुवायला टाका. सिक्युरिटीच्या रांगेपाशी पोचल्यावर काका परत फिरले, चष्मा कपाळावर चढवला आणि इकडेतिकडे बघत, चोरून काहीतरी मागावं तसं म्हणाले, "वीणा, एक काम करशील? दोन-तीन दिवसांनी काकूंकडे जाशील, तेव्हा धुवायच्या बास्केटमध्ये माझा निळा शर्ट आहे का, तेवढं बघ. तिला विचारू नकोस. ऑब्झर्व्हेशन नीट व्हायला हवं." मग बोर्डिंग पास हलवत ते आत गेले. मागून त्यांच्या कानाच्या मोठ्या पाळ्या तेवढ्या दिसत होत्या.

मी गेले. काकूंना चहा करायला लावला आणि बास्केट तळापर्यंत उपसली. टॉवेल होते, पायजमे होते, काकूंचे गाऊन होते. मशीनमध्ये बघितलं, ड्रायरमध्ये बघितलं, कपाटही उघडलं. निळा शर्ट कुठेच नव्हता. काकू बेडरूमच्या दाराशी येऊन म्हणाल्या, "काय शोधतेयस गं?" आणि जरा घाईघाईने पलंगावरचं पांघरूण सारखं करायला लागल्या.

घरी येऊन मी काकांना मेसेज केला, "बास्केटमध्ये नाही."

मिरजेला सकाळ झाली असणार. उत्तर लगेच आलं. त्यांच्याकडून मला आलेला तो शेवटचा मेसेज.

"व्हेरी गुड. सँपल साइज दोन."